समाजमंदिरातली उपासना

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात चर्चची इमारत नाही. ख्रिस्ती घरे मोजकीच आहेत, तीही एका ओळीत नसून गावभर विखुरलेली आहेत, आणि त्यांची उपासना गावाच्या समाजमंदिरात भरते. त्याच सभागृहात ग्रामसभा होते, बचत गटाच्या बाया हिशेबाला बसतात, लग्नसराईत जानवसा उतरतो आणि साथीच्या दिवसांत आरोग्य शिबिर लागते. शहरातून येणारे ख्रिस्ती पाहुणे हे सगळे पाहतात आणि परतताना आपुलकीने विचारतात की तुमची स्वतःची जागा कधी होणार. त्यांची आपुलकी खरी असते, परंतु त्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती मला मान्य नाही. सार्वजनिक जागेतली उपासना म्हणजे इमारत होईपर्यंतची गैरसोय, असे त्यांना वाटते. माझे मत असे की ज्या जागेवर सगळ्या गावाचा हक्क आहे तेथे देवाची आराधना करताना आपली श्रद्धा शेजाऱ्याला उत्तर देण्यास बांधली जाते, आणि हे बंधन मंडळीच्या, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या ख्रिस्ती समूहाच्या, हिताचे आहे.

बायबलच्या नव्या करारातली मंडळी कोठे जमत होती याच्या नोंदी त्या ग्रंथातच जागोजागी आहेत. यरुशलेमेत योहान मार्काची आई मरिया हिच्या घरी पुष्कळ लोक प्रार्थनेसाठी एकत्र आले होते. प्रिस्का आणि अक्विला हे तंबू करण्याचा धंदा करणारे जोडपे. इफिसात काय आणि रोममध्ये काय, मंडळी त्यांच्या घरात जमत असे. फिलिप्पै येथे प्रेषित पौल शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या, दिवशी वेशीबाहेर नदीकाठी गेला, तेव्हा तेथे बाया जमलेल्या होत्या आणि जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया त्यांच्यातच बसली होती. इफिसातल्या यहुद्यांच्या सभास्थानातून बाहेर पडावे लागल्यावर त्याने तुरन्नाच्या पाठशाळेत रोज चर्चा सुरू केली आणि ती दोन वर्षे चालली. घर, नदीकाठ, पाठशाळा: यांतली एकही जागा उपासनेसाठी बांधलेली नव्हती. सीरियात युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपस या गावी उत्खननात सापडलेले ख्रिस्ती प्रार्थनागृह इ.स. 240 च्या सुमाराचे आहे, आणि तेही मुळात एक राहते घर होते; दोन खोल्यांमधली भिंत काढून तेथे बसण्याची जागा केलेली दिसते. पुढे 313 नंतर ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि मोठी चर्चे उभी राहू लागली, तेव्हा त्यांच्यासाठी जो आराखडा घेतला गेला तो रोमन बॅसिलिकेचा होता, म्हणजे जेथे न्यायनिवाडे होत आणि व्यापाराचे व्यवहार चालत अशा सार्वजनिक सभागृहाचा. ज्या इमारतीला आपण आज खास चर्चचे रूप समजतो तिचाही उगम गावाच्या चावडीसारख्या जागेत आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्या वऱ्हाडात मात्र ख्रिस्ती धर्म आला तो कंपाउंडसह आला. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम अकोला, खामगाव, अमरावती या भागात होते, यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट मिशन होते, आणि मेळघाटात कोरकूंमध्ये काम करणारे निराळे मिशन होते. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत आईबाप गमावलेली मुले मिशनच्या आश्रयाला आली आणि त्या आसऱ्यामुळे जगली. ते उपकार विसरण्याजोगे नाहीत. माझ्या आधीच्या पिढ्यांचे शिक्षण त्याच आवारांतल्या शाळांमध्ये झाले. परंतु बंगला, शाळा, दवाखाना आणि चर्च एकाच भिंतीच्या आत आल्यामुळे ख्रिस्ती माणूस हळूहळू गावाचा न राहता आवाराचा झाला. गावच्या पोळ्याला त्याचा बैल दिसेना, कारण त्याच्याकडे बैलच उरला नाही; पंचायतीत त्याचा शब्द उरला नाही; आणि भिंतीपलीकडे रविवारी काय चालते याबद्दल गावात तर्क सुरू झाले. आजही जे संशय आपल्या वाट्याला येतात त्यांतल्या काहींची मुळे त्या भिंतीत आहेत, असे मी विचारपूर्वक म्हणते.

ही भिंत नारायण वामन टिळकांनाही खुपत होती. काही काळ नागपुरात वास्तव्य केलेल्या या कवीने 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ नावाची एक बंधुता उभी करण्याचा प्रयत्न केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी एकत्र बसू शकतील. दोनच वर्षांत, 1919 मध्ये, त्यांचे निधन झाले आणि ते काम वाढले नाही. त्यांची भजने मात्र राहिली. आमच्याकडे ती पेटी, ढोलक आणि टाळांवर म्हटली जातात, आणि त्यांच्या अभंगाच्या चाली गावाच्या ओळखीच्या असल्यामुळे भजनी मंडळातले एक भाऊ कधी कधी दारातून आत येऊन ढोलक हाती घेतात. आवारातल्या चर्चमध्ये हे भाऊ आले असते असे मला वाटत नाही, कारण तेथे येण्यासाठी त्यांना फाटक ओलांडावे लागले असते आणि फाटक ओलांडणे ही गावात बातमी होते. समाजमंदिराची पायरी चढण्यासाठी त्यांना कोणाला काहीच सांगावे लागत नाही.

दार उघडे असण्याचा परिणाम उपासनेच्या भाषेवर होतो. करिंथकरांना लिहिताना पौलाने एक साधी कसोटी सांगितली आहे: तुम्ही सगळे जण अन्य भाषांत बोलत असताना एखादा बाहेरचा माणूस आत आला, तर तुम्ही वेडे आहात असे तो म्हणणार नाही काय? म्हणजे बाहेरचा माणूस आत येणार हे त्याने धरूनच ठेवले होते. आमच्या उपासनेच्या वेळी दारातल्या ओट्यावर कोणी ना कोणी बसलेले असते. एक म्हातारी आजी सुपात तूर घेऊन निवडत बसते. तिला उपदेश ऐकायचा असतो की सकाळची सावली हवी असते, हे मी कधी विचारले नाही. एकदा प्रार्थना संपता संपता ती म्हणाली, “माह्या नातवाचं नाव घेसान काय? दवाखान्यात हाय.” नाव घेतले गेले. तिच्या उपस्थितीत उपदेशकाला ‘जगातले लोक’ आणि ‘अंधारात चाललेले’ असे शब्द सहज उच्चारता येत नाहीत, कारण ज्यांच्याबद्दल ते शब्द वापरले जातात त्यांच्यापैकी एक समोर बसून तूर निवडत आहे आणि तिच्याच घरून आपण काल विरजण आणले आहे. जे शेजाऱ्याच्या देखत म्हणता येत नाही ते देवाच्या पुढेही म्हणू नये, ही शिस्त आम्हाला कोणत्याही सेमिनरीने शिकवली नव्हती.

तसबिरींचा प्रश्न याहून नाजूक आहे. आमच्या समाजमंदिराच्या भिंतीवर तथागत बुद्धांची, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची तसबीर आहे. बाहेरून आलेल्या एका उपदेशकांनी उपासनेपुरता त्यांच्यावर पडदा टाकावा असे सुचवले. आमच्या वडीलधाऱ्यांनी नम्रपणे नकार दिला आणि मी त्या नकाराच्या पूर्ण बाजूने आहे. 14 ऑक्टोबरला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाण्यासाठी गावातली निम्मी वस्ती निघते. त्या लोकांनी आपले सभागृह आपल्याला विश्वासाने दिले आहे, आणि त्यांच्या श्रद्धास्थानांवर कापड टाकून आपण त्यांना सांगणार काय, तर प्रीतीचा संदेश! आम्ही एक लहान लाकडी क्रूस आणतो, पटईच्या मेजावर पांढरे कापड अंथरून त्यावर ठेवतो आणि उपासना झाली की घरी नेतो. प्रभुभोजन असते त्या दिवशी त्याच मेजावर घरची चपाती आणि रात्री भिजवलेल्या मनुकांचा गाळलेला रस असतो. आराधना कोणाची चालली आहे याबद्दल बसलेल्यांच्या मनात शंका नसते, त्यामुळे भिंतीची भीती वाटत नाही.

जागा गावाची आहे म्हणून गावाचे काम आधी, हेही ओघाने आले. पल्स पोलिओची मोहीम रविवारी असते आणि आमच्या गावात तिचे केंद्र समाजमंदिराच्या ओट्यावर लागते. त्या दिवशी आशाताई दारात टेबल मांडून बसतात, बाळे रडतात, डाव्या करंगळीला शाई लागते, आणि आत आमचे स्तोत्र चाललेले असते. सुरुवातीला काही जणांना यामुळे उपासनेत व्यत्यय येतो असे वाटे. आता आमच्यातल्या दोन तरुण मुली आशाताईंच्या मदतीला बसतात आणि स्तोत्र त्यांना बाहेरूनही म्हणता येते. गावात कोणाची तेरवी त्याच दिवशी आली, तर सभागृह त्यांना सोडून आम्ही एखाद्याच्या वाड्यातल्या निंबाखाली सतरंजी टाकतो. शोकात असलेल्या घराला जागा मोकळी करून देणे हाही त्या दिवशीच्या उपासनेचाच भाग आहे, असे मी मुलांना सांगते.

जागेबरोबर वेळेचाही विचार करावा लागला. शहरात रविवार म्हणजे सुट्टी, परंतु आमच्याकडच्या मजुराची सुट्टी आठवडी बाजाराच्या दिवशी असते. त्या दिवशी हप्त्याची मजुरी मिळते आणि बाजार होतो. कापूस वेचणीच्या हंगामात रविवारी सकाळी नऊला उपासना ठेवली तर येणार कोण? ज्यांच्यापाशी पगारी नोकरी आहे तेच येतील, आणि मंडळीत नकळत दोन वर्ग पडतील. म्हणून वेचणीच्या महिन्यांत आम्ही पहाटे अंधारातच जमतो, म्हणजे उजाडायला बाया वावराच्या वाटेला लागू शकतात. ही काही नवी युक्ती नाही. इ.स. 112 च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट त्राजानला पाठवलेल्या पत्रात लिहिले आहे की ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी एकत्र जमून ख्रिस्ताला स्तोत्र गातात. तेव्हा रविवार हा कामाचा दिवस होता. तो सुट्टीचा दिवस रोमन सम्राट कॉन्स्टन्टाईनच्या हुकमाने 321 मध्ये झाला. पहिल्या तीनशे वर्षांच्या मंडळीत गुलाम होते, मजूर होते, मालकाच्या वेळेत बांधलेली माणसे होती, आणि उपासनेची वेळ त्यांच्याकडे पाहून ठरत होती.

इंग्लंडमध्ये गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कॅफे, पब, खेळाची सभागृहे अशा जागी उपासना भरवण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले. चर्च ऑफ इंग्लंडचा त्याविषयीचा अहवाल 2004 मध्ये आला आणि ‘मेसी चर्च’ हा मुले आणि पालकांना एकत्र जेवायला, हस्तकलेला आणि प्रार्थनेला बसवणारा उपक्रमही त्याच वर्षी पोर्ट्समथजवळ सुरू झाला. त्यांची अडचण निराळी आहे: जुन्या इमारती आहेत पण माणसे येत नाहीत. आपल्याला तो मार्ग जसाच्या तसा उचलण्याची गरज नाही, कारण ज्या भूमीत आपण राहतो तेथे मोकळ्या जागेत मिळून प्रार्थना करणे लोकांच्या अंगवळणी पडलेले आहे. गाडगेबाबांचा जन्म शेंडगावचा आणि बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याचे. आधी झाडू घेऊन गाव स्वच्छ करायचे आणि मग त्याच झाडलेल्या जागेत कीर्तनाला उभे राहायचे, ही त्यांची रीत होती. गुरुकुंज मोझरीहून तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली, आणि ती कोणत्याही एका पंथाच्या देवळाला बांधलेली नव्हती. आमच्या गावचा माणूस ख्रिस्ती भजन ऐकून थबकतो तेव्हा प्रार्थनेचे त्याला नवल वाटत नाही, कारण पारावरची प्रार्थना त्याने लहानपणापासून पाहिली आहे. कीर्तनाआधी झाडू, हा गाडगेबाबांचा क्रम आम्ही मनापासून घेतला आहे. समाजमंदिर आधी आम्हीच झाडतो, धान्याचा भुसा, विड्यांची थोटके, लग्नातली द्रोण-पत्रावळ जे असेल ते उचलतो, आणि जाताना पुन्हा झाडून किल्ली पंचायतीच्या शिपायाला देतो.

आता संशयाविषयी. खेड्यात ख्रिस्ती प्रार्थना म्हटली की धर्मांतराचा विषय निघतो, आणि तो टाळून हा लेख पुरा होणार नाही. संविधानाच्या कलम 25 ने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून दिले आहे, आणि त्या स्वातंत्र्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. परंतु हक्क कागदावर असणे आणि शेजाऱ्याचा विश्वास असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करतो, इतरांना जे भाडे आहे तेच भरतो आणि पावती घेतो. लाऊडस्पीकर लावत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा त्याला नियमाने बंदीच आहे, पण दिवसाही त्याची गरज पडत नाही. उपासनेच्या जागी आणि उपासनेच्या वेळी कपडे, धान्य, वह्या असे काहीही वाटत नाही. ज्याला मदत करायची त्याला ती निराळ्या दिवशी, धर्म न विचारता आणि फोटो न काढता केली जाते.

फोटोचा मुद्दा मला विशेष जोर देऊन सांगायचा आहे. ओट्यावर बसलेल्या आजीचा, ढोलक वाजवणाऱ्या भाऊंचा फोटो काढून तो ‘गावात प्रभूचे मोठे काम सुरू आहे’ अशा ओळीसह व्हॉट्सॲपवर पाठवण्याचा मोह अनेक सेवकांना होतो, कारण असे फोटो पाहून दूरचे दाते प्रसन्न होतात. तो फोटो दुसऱ्या दिवशी त्याच गावात परत येतो. ज्या माणसाने शेजारधर्माने ढोलक धरले त्याला त्याच्या भावकीपुढे उत्तर द्यावे लागते, आणि ती जागा त्याच्यासाठी कायमची बंद होते. त्याच्या विश्वासाचा असा वापर करणे हा विश्वासघात आहे. त्याला सेवेचे नाव देऊ नये.

जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली मात्र आम्ही मागत नाही. रविवारी ती रिकामी असते आणि मुख्याध्यापक कदाचित देतीलही, परंतु पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही असे कलम 28 सांगते. सुट्टीच्या दिवशीची उपासना त्या कलमात बसते की नाही, हा वाद वकिलांनी करावा. सर्व धर्मांची मुले ज्या फळ्यासमोर बसतात ती खोली आपण मोकळी ठेवावी, हे मला अधिक योग्य वाटते.

या व्यवस्थेत जे साधत नाही तेही सांगितले पाहिजे. उघड्या दारात माणूस आपले मन उघडू शकत नाही. नवऱ्याच्या दारूने पिचलेली बाई, सावकाराच्या तगाद्याने झोप उडालेला कास्तकार, आईबापांना न सांगता येणारी गोष्ट मनात घेऊन फिरणारा मुलगा, हे समाजमंदिरात उभे राहून साक्ष देणार नाहीत आणि त्यांनी द्यावी अशी अपेक्षाही कोणी करू नये. त्यांच्यासाठी घराची सपरी लागते, चुलीजवळची जागा लागते. बुधवारी संध्याकाळी आम्ही आळीपाळीने घरी बसतो, पाच-सात माणसेच असतात, आणि तेथे बोललेले बाहेर जात नाही. मोठ्या सणांची गोष्टही निराळी आहे. आमच्या आजोबांची पिढी शकुंतला रेल्वेने अचलपूरला किंवा मूर्तिजापूरला जाऊन नाताळ करीत असे. आता ती गाडी बंद आहे, काळ्या मातीचे रस्ते पावसाळ्यात अडतात, तरीही वर्षातून एकदा मोठ्या चर्चमध्ये शेकडो आवाजांत गाण्याने जे बळ येते ते आमच्या लहान सभागृहात येत नाही. जुनी चर्चे टिकावीत, त्यांची छपरे दुरुस्त व्हावीत, असे मला तळमळीने वाटते.

सध्या आमच्यापुढे प्रत्यक्ष एक प्रस्ताव आहे. एका कुटुंबाने गावाच्या रस्त्यालगतचा लहान तुकडा मंडळीला देऊ केला आहे आणि शहरातल्या एका मंडळीने बांधकामाला मदत करण्याची तयारी दाखवली आहे. तरुणांना इमारत हवी आहे. त्यांच्या मागणीत स्वाभिमान आहे आणि तो मी कमी लेखत नाही. बैठकीत मी माझे मत मांडले ते असे: बांधायचेच असेल तर चर्च न बांधता टिनाचे एक मोठे मोकळे शेड बांधावे, त्याला आवारभिंत नसावी, ओटा रस्त्याच्या बाजूने असावा आणि त्यावर दोन माणसे टेकतील अशी सावली असावी. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही. म्हणून छपराचे पावसाचे पाणी साठवणारी टाकी पायाबरोबरच बांधावी आणि तिचा नळ बाहेरच्या बाजूला असावा. बचत गटाला, लसीकरणाला, तेरवीला ते शेड समाजमंदिरासारखेच मिळावे आणि तसे पंचायतीला आधीच लिहून द्यावे. काहींना हे पटले आहे, काहींना वाटते की मग खर्च करून मिळवले काय. कापसाचे चुकारे झाले की पुन्हा बैठक आहे, आणि तिला पंचायतीच्या सदस्यांनाही बोलवावे असे मी सुचवले आहे.